पडका मठ पाहावा की नांदते चर्च? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील जुन्या चर्चची तुलना

लंडन पाहून झाले की मराठी कुटुंबे बहुधा किंग्ज क्रॉस स्थानकावरून एडिनबरोची गाडी पकडतात आणि सुमारे साडेचार तासांनी थेट स्कॉटलंडात उतरतात. न्यूकॅसलच्या पुढे ही गाडी किनाऱ्याला लागते, उजव्या हाताच्या खिडकीतून उत्तर समुद्र दिसू लागतो, आणि बेरिक येण्याच्या थोडे आधी, हवा स्वच्छ असेल तर, पाण्यात एक लांबट बेट व त्याच्या टोकावरचा किल्ला दिसून नाहीसा होतो. ते लिंडिसफार्न. इंग्लंडातील ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीचा, तिथल्या पहिल्या मोठ्या ग्रंथांचा आणि पहिल्या इतिहासकाराचा हा प्रदेश आहे, आणि आपले बहुतेक लोक तो खिडकीतूनच पाहून पुढे जातात. या प्रवासात एक किंवा दोन दिवस काढता येत असतील, तर या किनाऱ्यावरच्या कोणत्या जुन्या चर्चला जावे, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा लिहिला आहे. न्यूकॅसलला काही वर्षे राहिल्यामुळे आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना या ठिकाणी वारंवार घेऊन गेल्यामुळे माझी काही ठाम मते झाली आहेत. ती मी कारणांसह मांडतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण निवड पुष्कळदा तिथेच चुकते. या किनाऱ्यावर दोन प्रकारच्या धार्मिक वास्तू आहेत. एक म्हणजे मोठ्या मठांचे अवशेष. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्यानंतर त्यांची छपरे गेली, दगड लोकांनी नेले, आणि आज उंच कमानींखाली हिरवळ उरली आहे. दुसरा प्रकार म्हणजे पॅरिश चर्च, ज्याला आपल्या वसईकडचे ख्रिस्ती बांधव धर्मग्रामाचे चर्च म्हणतात: गावाचे, पंचक्रोशीचे, जिथे आजही बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी आणि रविवारची उपासना होते. लिंडिसफार्न आणि व्हिटबी या दोन्ही ठिकाणी पडका मठ आणि नांदते चर्च अगदी शेजारी उभे आहेत. मठात जायला तिकीट असते आणि माहितीपत्रकांवर छायाचित्र मठाचेच असते. चर्च विनामूल्य उघडे असते, दाराजवळ एक दानपेटी असते. प्रवासी तिकीट काढून पडके पाहतात आणि नांदते पाहायचे राहून जाते. मठांचे अवशेष पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर छप्पर असलेल्या, दिवा लागत असलेल्या वास्तूत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्या भिंतींत तेवढाच जुना, आणि काही ठिकाणी त्याहून जुना, दगड आहे.

या किनाऱ्यावरील पाच चर्च मी प्रामुख्याने विचारात घेतो: जॅरोचे सेंट पॉल्स, संडरलँडमधील मंकवेअरमथचे सेंट पीटर्स, लिंडिसफार्न बेटावरचे सेंट मेरीज, बॅम्बराचे सेंट एडन्स आणि दक्षिणेकडे यॉर्कशरमध्ये व्हिटबीचे सेंट मेरीज.

जॅरोपासून सुरुवात करतो, कारण एकच चर्च पाहायचे असेल तर माझे मत जॅरोला आहे, आणि हे मत ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. जॅरो हे सुंदर ठिकाण नाही. टाइन नदीच्या मुखाजवळचे ते जहाजबांधणीचे गाव होते. बेकारीला कंटाळलेले इथले कामगार १९३६ साली लंडनपर्यंत पायी चालत गेले, त्या मोर्चासाठीच ते इंग्लंडभर ओळखले जाते. आजही चर्चकडे जाताना गोदामे, टाक्या आणि अवजड वाहनांचे रस्ते लागतात. न्यूकॅसलहून मेट्रोने निघाले की जॅरोच्या पुढचे स्थानक ‘बीड’ नावाचे आहे. उच्चार आपल्या मराठवाड्यातल्या बीडसारखाच. नाव मात्र त्या मठात वाढलेल्या, तिथेच लिहीत राहिलेल्या आणि ७३५ साली तिथेच वारलेल्या विद्वान साधूचे. इंग्लंडातील लोकांच्या धर्मेतिहासाचा ग्रंथ त्याने ७३१ मध्ये पूर्ण केला. त्या काळाबद्दल आज जे काही ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग त्याच्या एकट्याच्या लेखणीवर उभा आहे.

चर्चमध्ये शिरल्यावर पहिल्या दालनात निराशा होण्याचा संभव आहे. ते मुख्य दालन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराने १८६६ साली बांधले. नीटनेटके आहे, पण तसे दालन इंग्लंडात शेकडो ठिकाणी सापडेल. तिथे न थांबता मनोऱ्याखालच्या कमानीपर्यंत जावे आणि मान वर करावी. कमानीवर भिंतीत एक लॅटिन शिलालेख बसवला आहे. राजा एजफ्रिथच्या राज्यारोहणाच्या पंधराव्या वर्षी आणि मठाधिपती चेओलफ्रिथच्या चौथ्या वर्षी, मे महिन्याच्या कॅलेंड्सपूर्वी (म्हणजे एक तारखेपूर्वी, ती तारीखही धरून) नवव्या दिवशी, सेंट पॉलची ही बॅसिलिका अर्पण केली, असा त्याचा आशय आहे. तो दिवस २३ एप्रिल ६८५. चर्चच्या समर्पणाचा इंग्लंडात टिकून राहिलेला हा सर्वांत जुना शिलालेख आहे. आपल्याकडच्या ताम्रपटांत राज्यवर्ष देतात तशीच ही कालगणना आहे. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत इंग्लंडात रुजवली ती पुढे याच मठातल्या बीडने. समर्पणानंतर महिना उलटायच्या आत, २० मे रोजी, शिलालेखातला हा राजा उत्तरेला पिक्ट लोकांशी लढताना मारला गेला. पुढच्या वर्षी साथ आली, आणि चेओलफ्रिथच्या चरित्रात म्हटल्याप्रमाणे मठात सुरावर प्रार्थना म्हणू शकणारे दोघेच उरले: स्वतः मठाधिपती आणि एक लहान मुलगा. तो मुलगा बीड असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

कमान ओलांडून पुढे गेले की आपण सातव्या शतकातल्या खोलीत असतो, आणि हे शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. मूळ मठात एका ओळीत दोन चर्च होती. पश्चिमेकडचे मोठे अठराव्या शतकात पाडावे लागले आणि त्याच्या जागेवर आज स्कॉटचे दालन आहे. पूर्वेकडचे लहान चर्च मात्र राहिले आणि आजच्या चर्चमधला वेदीकडचा भाग तेच आहे. खोली अरुंद आणि उंच आहे, दगड काळसर व ओबडधोबड आहेत, आणि दक्षिणेच्या भिंतीत खूप वर तीन लहान खिडक्या आहेत. त्यांपैकी एकीत दगडी चौकटीच्या गोल भोकात रंगीत काच बसवली आहे, छोट्या ताटलीएवढी. बेनेडिक्ट बिस्कॉप या संस्थापकाने काचकाम करणारे कारागीर गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आणवले होते, कारण ती विद्या इंग्लंडात कोणाला येत नव्हती. ही नोंद बीडनेच केली आहे. पुरातत्त्वज्ञ रोझमेरी क्रॅम्प यांनी १९६३ पासून इथे उत्खनन केले, तेव्हा त्या कारागिरांच्या काचेचे तुकडे मातीत सापडले, आणि त्यांतलेच काही जुळवून ही खिडकी केली आहे. मधाळ पिवळा, निळा, हिरवा असे रंग आहेत. त्यांत चित्र नाही, मूर्ती नाही. दुपारपूर्वी ऊन असताना गेलात तर हा काचेचा तुकडा तेराशे वर्षांपूर्वी जे काम करत होता तेच काम करताना दिसेल. संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू आणि आपल्या जागी परत बसून उजेड देणारी वस्तू यांतला फरक मला या खिडकीपाशी कळला.

जॅरो आणि मंकवेअरमथ मिळून एकच मठ मानला जाई, आणि याच जोडमठात संपूर्ण लॅटिन बायबलच्या तीन प्रचंड प्रती लिहिल्या गेल्या. त्यांतली एक पोपला अर्पण करण्यासाठी म्हातारा चेओलफ्रिथ ७१६ साली स्वतः रोमला निघाला आणि वाटेतच वारला. ती प्रत आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे, तिचे वजन सुमारे ३४ किलो आहे आणि तिची पाने वासराच्या कातड्याची आहेत. ज्या गावाला आज कोणी मुद्दाम जात नाही तिथून हे काम झाले, हे डोळ्यांपुढे ठेवून त्या लहान खोलीत दहा मिनिटे बसावे. चर्चच्या बाहेरच मठाच्या भिंतींचे अवशेष आहेत, ते बहुतांशी अकराव्या शतकातल्या पुनर्बांधणीचे आहेत आणि इथे त्यांनाही तिकीट नाही.

मंकवेअरमथचे सेंट पीटर्स हे या मठाचे थोरले भावंड आहे, ६७४ सालचे. बीड सात वर्षांचा असताना त्याला बिस्कॉपच्या हवाली केले होते. तो वाढला जॅरोला, पण त्याची सुरुवात इथली मानली जाते. मूळ बांधकामातली पश्चिमेकडची भिंत आणि मनोऱ्याच्या तळातला प्रवेशमंडप टिकला आहे. मनोऱ्याचा वरचा भाग नंतर चढवलेला आहे आणि बाकीचे चर्च एकोणिसाव्या शतकाचे आहे. म्हणजे जॅरोच्या नेमके उलट: तिथे जुने आत आहे, इथे ते दारात आहे. या दारात खाली वाकून पाहावे. कमानीच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर चोचींचे, सापासारखे दोन प्राणी एकमेकांत गुंतलेले कोरले आहेत, आणि त्यांच्यावर लेथवर लाकूड कातावे तसे दगड कातून केलेले छोटे खांब आहेत. कोळसा न्यायला येणारी जहाजे भार म्हणून आणलेली माती आणि खडी वेअर नदीच्या या काठावर टाकत असत, आणि त्या ढिगाऱ्यांत हा मंडप कित्येक वर्षे अर्धा गाडला गेला होता. एकोणिसाव्या शतकात तो मोकळा केला. कोरीवकाम झिजले आहे, त्यामुळे ढगाळ दिवशी ते नीट वाचता येत नाही. संडरलँडला दुसरे काही काम असेल तर सेंट पीटर्स स्थानकावर उतरून हे चर्च जरूर पाहावे; परंतु जॅरो आणि मंकवेअरमथ यांतून एकाची निवड करायची असेल तर मला विचार करावा लागत नाही. शिल्पकलेचा विशेष अभ्यास असलेल्याने मात्र मंकवेअरमथ वगळू नये.

लिंडिसफार्नची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे निवड तुम्ही करत नाही, समुद्र करतो. हे बेट मुख्य भूमीला एका रस्त्याने जोडले आहे आणि तो रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचे तक्ते स्थानिक प्रशासन आगाऊ प्रसिद्ध करते. ते पाहिल्याशिवाय मुक्कामाची किंवा गाडीची आगाऊ नोंदणी करू नये. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांना मी दर वेळी बजावतो: पाणी चढताना लांबून निरुपद्रवी दिसते, ते समोरून येत नाही, बाजूच्या सखल भागांतून भरत येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याचा वेग अंदाजाबाहेर असतो. दर वर्षी गाड्या अडकतात. वाटेत खांबांवर उभारलेल्या लाकडी निवाऱ्याच्या खोल्या दिसतील. त्या अडकलेल्यांसाठीच आहेत. त्यामुळे ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे आणि त्या दिवशीची ओहोटी पहाटे व संध्याकाळी आहे, त्यांनी लिंडिसफार्नचा विचार मनातून काढून टाकावा आणि हळहळत बसू नये.

वेळ जमत असेल तर मात्र या पाचांत या बेटासारखा प्रवास दुसरा नाही. राजा ऑस्वाल्डच्या बोलावण्यावरून ६३५ साली एडन हा साधू स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयोना बेटावरून इथे आला आणि त्याने मठ स्थापला. त्यानंतरच्या पिढीत कथबर्ट इथला बिशप झाला. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास इथे लिंडिसफार्न गॉस्पेल्स हे शुभवर्तमानांचे चित्रांकित हस्तलिखित तयार झाले, जे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि ७९३ साली व्हायकिंगांनी हा मठ लुटला, तेव्हा साऱ्या युरोपला धक्का बसला. आज जो पडका मठ तिथे दिसतो, तो यांतल्या कोणत्याही घटनेचा साक्षी नाही. तो बाराव्या शतकात डरहमच्या साधूंनी बांधलेला आहे. त्याच्या शेजारच्या, बाहेरून साध्या दिसणाऱ्या सेंट मेरीज चर्चच्या भिंतींत त्याहून जुना, सॅक्सन काळातला, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचा, भाग आहे: वेदीकडच्या कमानीच्या वरच्या बाजूला भिंतीत एका जुन्या दाराची खूण दिसते, जिथून आज कुठेही जाता येत नाही. छप्पर असलेली बेटावरची सर्वांत जुनी वास्तू हीच. लोक तिच्या भिंतीला लागून मठाच्या तिकीटघराकडे वळतात.

आत एका बाजूला माणसाच्या उंचीचे लाकडी शिल्प आहे. सहा साधू खांद्यावर शवपेटी घेऊन चालले आहेत. कथबर्ट ६८७ मध्ये वारला. व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ साली साधूंनी त्याचा देह घेऊन बेट सोडले, तो शतकभराहून अधिक काळाने, ९९५ मध्ये, डरहमला स्थिरावला. फेनविक लॉसन या शिल्पकाराने हे शिल्प एल्म वृक्षाच्या ओंडक्यांतून यांत्रिक करवतीने घडवले. करवतीचे फटकारे त्याने घासून काढलेले नाहीत. साधूंच्या झग्यांच्या चुण्या म्हणजे त्या करवतीच्या खाचाच आहेत, आणि लाकूड वाळताना पडलेल्या भेगा त्यांच्या अंगांवरून उभ्या गेल्या आहेत. वेदीपुढे बेटावरच्या बायकांनी केलेला गालिचा आहे, त्यावर लिंडिसफार्न गॉस्पेल्समधल्या एका पानाची नक्षी उतरवली आहे. मूळ हस्तलिखित लंडनला काचेआड आहे. ही नक्षी इथे पायांजवळ आहे.

बाहेर चर्चच्या पूर्वेला एक ठेंगणा दगड आहे, तो बहुधा एका जुन्या क्रूसाचे बैठकीचे जोते असावा. बेटावर लग्न लागले की नवरीने या दगडावरून पलीकडे जायचे, दोन्ही हातांना बेटावरची जाणती माणसे आधार देतात, आणि ती न अडखळता गेली तर संसार सुखाचा होतो अशी समजूत आहे. माप ओलांडून घरात आलेल्या आपल्या आई-आजींना हा दगड दाखवावा. माझ्या अनुभवात त्या मठाच्या कमानींपेक्षा इथे जास्त वेळ उभ्या राहतात.

बॅम्बरा लिंडिसफार्नच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होतात आणि भरतीच्या वेळा लक्षात घेऊन कोणते आधी करायचे ते ठरवता येते. कड्यावरचा प्रचंड किल्ला सर्वांचे लक्ष वेधून घेतो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचे सेंट एडन्स चर्च झाकोळून जाते. आजची इमारत मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकांतली आहे. वेदीकडचा भाग विलक्षण लांब आहे, कारण तो गावकऱ्यांपेक्षा साधूंच्या उपासनेसाठी बांधला होता. एडनने इथे लाकडी चर्च बांधले होते आणि ३१ ऑगस्ट ६५१ रोजी त्या चर्चच्या बाहेरच्या टेकूच्या लाकडाला टेकून तो वारला. बीड लिहितो की पुढे हे चर्च दोनदा जळाले, पण ते लाकूड जळाले नाही. तिसऱ्यांदा बांधताना लोकांनी ते आत घेतले, आणि आजारी माणसे त्याच्या ढलप्या पाण्यात भिजवून ते पाणी पीत. बाप्तिस्म्याच्या कुंडावर छताला एक दुबेळके जुने लाकूड दिसते. तेच हे, अशी परंपरा आहे. ते छताचा भार घेत नाही, केवळ जपून ठेवले आहे. ते खरोखर एडनचेच आहे हे सिद्ध करता येणार नाही. पण ज्या श्रद्धेने लोकांनी ते शतकानुशतके इमारतीमागून इमारतीत नेले, ती श्रद्धा तरी समोर दिसते.

या चर्चखाली तळघर आहे आणि तिथे ११० माणसांच्या अस्थी लहान पेट्यांत ठेवल्या आहेत. किल्ल्याजवळच्या वाळूच्या टेकड्यांत सातव्या-आठव्या शतकांतली दफनभूमी सापडली. उत्खनन आणि अभ्यास झाल्यावर २०१६ साली या अस्थी संग्रहालयाच्या कपाटांत न ठेवता चर्चच्या तळघरात विधिपूर्वक ठेवण्यात आल्या. दातांच्या तपासणीवरून असे दिसले की त्यांतले पुष्कळ जण बॅम्बराचे नव्हतेच, काही तर स्कॅन्डिनेव्हियासारख्या दूरच्या प्रदेशांतून आलेले होते.

मुले बरोबर असतील तर मी पाचांत बॅम्बराच निवडेन, आणि त्याचे कारण चर्चच्या आवारात आहे. ग्रेस डार्लिंग ही दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी. ७ सप्टेंबर १८३८ रोजी वादळात ‘फॉर्फरशर’ हे वाफेचे जहाज फार्न बेटांच्या खडकावर आदळून फुटले, तेव्हा बावीस वर्षांची ग्रेस वडिलांबरोबर वल्ह्यांची होडी घेऊन निघाली. खडकाला धरून राहिलेली नऊ माणसे दोन खेपांत वाचली. ती चारच वर्षांनी क्षयाने वारली. तिचे स्मारक समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांना दिसावे अशा बेताने दफनभूमीत उभारले आहे. वाऱ्या-पावसाने झिजलेला तिचा मूळ दगडी पुतळा, हाताशी वल्हे घेऊन आडवा पहुडलेला, आता चर्चच्या आत हलवला आहे, तर बाहेर त्याची नवी प्रतिकृती आहे. समोर तिच्या नावाचे संग्रहालय आहे. सातव्या शतकातला साधू मुलांना समजावून सांगावा लागतो, ही मुलगी सांगावी लागत नाही.

व्हिटबी या चौघांपासून दूर आहे, आणि न्यूकॅसलपेक्षा यॉर्कला मुक्काम असलेल्यांना अधिक सोयीचे आहे. मिडल्सबरोहून एस्क नदीच्या खोऱ्यातून दीड तासाची सुंदर आगगाडी येते, पण दिवसभरात तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात. बंदरातून १९९ पायऱ्या चढल्या की आपण सेंट मेरीज चर्चपाशी येतो. पायऱ्यांच्या कडेला मधूनमधून रुंद फळ्या आहेत, त्या शवपेटी वर नेणाऱ्यांना टेकवायला होत्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मागच्या गाडीरस्त्याने मठाच्या अवशेषांपर्यंत यावे आणि तिथून सपाट वाटेने चर्चला जावे. मठ हिल्डा या साध्वीचा, जिथे ६६४ सालच्या धर्मसभेत नॉर्थंब्रियाने, म्हणजे या भागातल्या तेव्हाच्या राज्याने, रोमची परंपरा स्वीकारली. अर्थात आज दिसणारे अवशेष त्यानंतर कित्येक शतकांचे आहेत.

सेंट मेरीज मूळचे बाराव्या शतकातले आहे, पण ते पाहायचे ते त्याच्या आतल्या लाकूडकामासाठी. सतराव्या-अठराव्या शतकांत इथे लोकवस्ती वाढली तसतसे गावकऱ्यांनी आत जागा मिळेल तिथे बाक, सज्जे आणि जिने घातले. बाक उघडे नाहीत. छातीपर्यंत उंच फळ्यांचे, दारे असलेले कप्पे आहेत, काहींत हिरवे कापड लावले आहे, आणि एका कप्प्यावर ‘परक्यांसाठी’ अशा अर्थाची अक्षरे रंगवली आहेत. मध्ये तीन मजली प्रवचनपीठ आहे, १७७८ सालचे. त्याच्यामागे दोन कर्णे लोंबताना दिसतात, ते एकोणिसाव्या शतकातल्या एका धर्मगुरूच्या बहिऱ्या पत्नीसाठी बसवलेले होते. जमीनदार चमली घराण्याने आपला सज्जा पिळाच्या खांबांवर थेट वेदीच्या कमानीपुढे उभारला, इतका की गावकऱ्यांना वेदी नीट दिसेना; सामाजिक उतरंड लाकडात इतकी उघड क्वचितच दिसते. छत बुटके आहे, त्यात खिडक्या कापल्या आहेत, आणि सगळीकडे जहाजाच्या आतल्या भागाची आठवण येते, कारण हे गावच जहाजे बांधणाऱ्यांचे होते. कॅप्टन कुक याने दर्यावर्दीपणाचे पहिले धडे याच बंदरात घेतले. भिंतीबाहेर एका दगडावर हंट्रॉड्स दांपत्याची नोंद आहे: पती-पत्नी दोघेही १९ सप्टेंबर १६०० रोजी जन्मले, त्याच तारखेला त्यांचे लग्न झाले, बारा मुले झाली, आणि वयाच्या ऐंशीव्या वाढदिवशी पाच तासांच्या अंतराने दोघांचा मृत्यू झाला. दगड झिजत चालला आहे. आवारातल्या बाकीच्या पुष्कळ दगडांवरची अक्षरे समुद्राच्या वाऱ्याने केव्हाच गेली आहेत.

वाटेवरची आणखी तीन नावे थोडक्यात सांगतो. सीअमचे सेंट मेरीज फार लहान आणि फार जुने आहे, रोमन दगड उचलून बांधलेले. जवळच्या वाड्यात १८१५ साली कवी बायरनचे लग्न झाले, आणि संगणकशास्त्राच्या इतिहासात नाव असलेली एडा लव्हलेस ही त्याच लग्नातली मुलगी. वॉर्कवर्थचे सेंट लॉरेन्स, उत्तम नॉर्मन दगडकाम असलेले, अ‍ॅल्नमथ स्थानकापासून जवळ पडते. ११७४ साली स्कॉटिश सैन्याने त्यात आश्रय घेतलेल्या लोकांची कत्तल केली होती. हार्टलपूलच्या टोकावरचे सेंट हिल्डाज भव्य आहे, पण दिवस एकच असेल तर मी त्यासाठी वाकडी वाट करणार नाही.

आता निवडीविषयी. न्यूकॅसलला गाडी बदलताना चार-पाच तास हाताशी असतील तर जॅरो, आणि ते सकाळी. स्वतःची किंवा भाड्याची गाडी आणि पूर्ण दिवस असेल, तक्त्यातली वेळ जुळत असेल, तर लिंडिसफार्न आणि बॅम्बरा. वेळ जुळत नसेल तर एकटे बॅम्बरा पुरेसे आहे आणि उरलेला वेळ किल्ल्याखालच्या पुळणीवर घालवावा. वयस्कर मंडळी असतील तर जॅरो व बॅम्बरा सोपी आहेत, व्हिटबी त्यातल्या त्यात अवघड. जुने दगड पाहून ज्यांचे मन भरत नाही, ज्यांना माणसे कशी बसत, कोण पुढे बसे आणि कोण मागे, हे पाहायचे असते, त्यांनी मात्र सरळ यॉर्कला उतरून व्हिटबी गाठावे. कुठेही जाताना आदल्या दिवशी चर्च उघडे आहे ना, याची खात्री करावी. विवाह किंवा अंत्यविधी असला तर दार पाहुण्यांना बंद असते, आणि ते योग्यच आहे. रविवारी उपासनेच्या वेळी पोहोचलात तर छायाचित्रे न काढता मागच्या बाकावर बसता येते, कोणी धर्म विचारत नाही. दानपेटीत काही टाकावे, कारण यांतल्या बहुतेक चर्चची छपरे त्यावर दुरुस्त होतात.

व्हिटबीसाठी शेवटची सूचना हिवाळ्यात जाणाऱ्यांना. सेंट मेरीजमध्ये विजेचे दिवे नाहीत, मधल्या शेगडीची ऊब आणि मेणबत्त्या एवढेच आहे, आणि डिसेंबरात तिथला सूर्य पावणेचारच्या आधीच मावळतो. दोनपर्यंत वर पोहोचावे. त्यानंतर त्या कप्प्यांवरची अक्षरे वाचता येत नाहीत.